रँक्ड मॅचआधी हात गार पडतात? मग क्यू लावण्याआधी हे करा

ऑनलाइन गेममधल्या अनरेटेड मॅचमध्ये, म्हणजे निकालाने रँक हलत नाही अशा मॅचमध्ये, सगळं जमतं. नेम लागतो, नकाशा डोक्यात असतो, मध्येच टीममेटची फिरकीही घेता येते. खेळ तोच, नकाशे तेच, पण 'रँक्ड'वर, म्हणजे हारजीतीवर रँक ठरते त्या मॅचवर, क्लिक करायची वेळ आली की पोटात गोळा येतो. 'आज नको, उद्या ताज्या डोक्याने खेळू' असं म्हणत संध्याकाळ दुसऱ्यांचे स्ट्रीम बघण्यात जाते. 2010 साली 'स्टारक्राफ्ट टू' हा गेम आला, तेव्हा त्याच्या खेळाडूंमध्ये हा प्रकार इतका सर्रास होता की त्याला 'लॅडर अँक्झायटी' (रँकच्या शिडीची धास्ती) असं नावच पडलं. तिथे सामना एकास एक असतो, खापर फोडायला टीममेटसुद्धा नाही.

यावरचे बहुतेक उपाय क्यू लावण्याआधी, म्हणजे मॅच मिळण्यासाठी रांगेत उभं राहण्याआधी, करायचे असतात. मॅच सुरू झाल्यावर फार थोडं हातात राहतं, त्यामुळे भर तयारीवर द्या.

आधी अंगाकडे बघा

घाबरल्यावर ॲड्रेनालिन वाढतं, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं गार पडतात. माउसवर किंवा टचस्क्रीनवर बारीक हालचाली करायच्या असतील तर अशी बोटं दगा देतात. मिनिटभर कोमट पाण्याखाली हात धरा, चोळा, बोटं उघडझाप करून मोकळी करा. मग ट्रेनिंग रेंजवर किंवा बॉट्सबरोबर (गेमच चालवतो त्या खेळाडूंबरोबर) दहा मिनिटं हात चालवा. पहिल्या रँक्ड मॅचलाच वॉर्मअप समजणारे पुष्कळ असतात आणि मग त्या मॅचच्या निकालावर दिवसभर चिडत बसतात. बसण्याच्या थोडं आधी कॉफी घेत असाल तर ती टाळून बघा. अंगातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण 5 तास लागतात आणि छातीतली धडधड कॉफीची की भीतीची, हे ओळखू येत नाही.

क्यू चालू असताना चॅट वाचत बसू नका. नाकाने 4 आकडे मोजत श्वास आत घ्या, 6 ते 8 मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. दोन मिनिटं पुरे.

मात्र अगदी थंड डोक्याचा साधू होण्याचा अट्टहास नको. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये गाणं, भाषण आणि गणित अशा तिन्ही गोष्टींत हे तपासून पाहिलं. स्वतःच्या धडधडीला 'मला हुरूप आलाय' असं म्हणणाऱ्यांनी इतरांपेक्षा चांगली कामगिरी केली. स्वतःला 'शांत हो' म्हणून बजावण्याचा तेवढा उपयोग झाला नाही. हात थरथरत असतील तर 'चला, अंग तापलं' म्हणा आणि पुढे व्हा.

रँकच्या आकड्याचा हिशोब समजून घ्या

रँकिंगच्या बऱ्याच पद्धतींचं मूळ अर्पाड एलो यांच्या बुद्धिबळातल्या गणितात आहे. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ते 1970 मध्ये स्वीकारलं. हा आकडा तुमच्या खेळाचा अंदाज असतो आणि प्रत्येक निकालानंतर तो थोडा दुरुस्त होतो. मॅचमेकिंग, म्हणजे गेममधली जोड्या लावणारी यंत्रणा, तुम्हाला तोडीस तोड माणसांसमोर उभं करतं, त्यामुळे व्यवस्था नीट चालत असेल तर तुम्ही साधारण निम्म्या मॅच हरणारच.

आता थोडं गणित. जिंकण्या-हरण्याची शक्यता अगदी निम्मीनिम्मी धरली, तर 20 मॅचमध्ये कुठेतरी लागोपाठ 4 हार येण्याची शक्यता जवळजवळ 48 टक्के निघते. नुसतं नाणं उडवलं तरी हेच होईल. म्हणजे ज्या संध्याकाळी तुम्ही 'माझा खेळच संपला' म्हणून हेडफोन आपटता, त्या संध्याकाळी कदाचित काहीच बिघडलेलं नसतं.

म्हणून किती मॅच खेळायच्या ते बसण्याआधी ठरवा. समजा, तीन. जिंका की हरा, तीन झाल्या की उठायचं. 'एक जिंकून उठतो' हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. रँक वर गेली की खाली, हे एका रात्रीत बघू नका, निदान पन्नासेक मॅचनंतर बघा.

दुसऱ्या अकाउंटवर खेळून भीती घालवा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. खऱ्या अकाउंटची भीती आहे तिथेच राहते आणि खालच्या रँकमधल्या नवख्यांचा खेळ मात्र तुम्ही नासवता. त्यापेक्षा पहिले काही दिवस ओळखीच्या एका माणसाबरोबर जोडीने रँक्ड खेळा, मग एकट्याने एकच मॅच, मग दोन. टाळत राहिलात तर भीती वाढते.

जिंकण्याऐवजी आपल्या हातातलं ध्येय धरा

जिंकणं पाच जणांच्या हातात असतं, समोरचे पाच धरले तर दहा. तुमच्या एकट्याच्या हातातलं एक काम निवडा: 'प्रत्येक वेळी कोपरा ओलांडण्याआधी मिनिमॅप (स्क्रीनवरचा छोटा नकाशा) बघणार' किंवा 'मेल्यावर एका वाक्यात माहिती देऊन गप्प बसणार'. मॅचनंतर स्वतःला एवढंच विचारायचं, केलं का?

नवं कॅरेक्टर, नवी बंदूक, नवी सेन्सिटिव्हिटी (माउस किती हलवला की नेम किती सरकतो ते सेटिंग) रँक्डमध्ये आणू नका. माणसं बघत असली की मुरलेलं काम अधिक चांगलं होतं आणि अर्धवट शिकलेलं काम बिघडतं, असं मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1965 मध्ये मांडलं होतं. प्रयोग अनरेटेडमध्ये करा.

टीममेट काय म्हणतील?

बहुतेक वेळा काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांना स्वतःच्या स्कोअरची काळजी असते. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली विद्यार्थ्यांना ओशाळवाणं वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असणार. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्शाने ओळखलं. तुमचा चुकलेला शॉटही असाच तुम्हाला मोठा दिसतो.

तरी शिव्या देणारा एखादा भेटतोच. पहिल्या शिवीला म्यूट, उत्तर नाही, खुलासा नाही. म्यूट केल्यावर माहिती मिळत नाही हे खरं, पण शिव्या देणारा माहिती तरी कुठे देत असतो? पिंग वापरा, म्हणजे न बोलता बटण दाबून टीमला जागा दाखवणारी खूण. 2019 मध्ये आलेल्या 'एपेक्स लेजंड्स'ने तर माइकशिवाय पूर्ण खेळ जमेल अशी पिंगची सोय केली होती.

शेवटी एकटेच उरलात तर

मेलेले चार टीममेट तुमच्याच स्क्रीनकडे बघतायत आणि समोर दोघे जिवंत. इथे माणूस स्वतःच्या हातांकडे लक्ष देऊ लागतो, 'माउस नीट धरलाय ना' वगैरे, आणि वर्षभर आपोआप होणारी हालचाल अडखळते. लक्ष बाहेर वळवा. हळू आवाजात बोला: एक लाँगला, एक साइटवर (ही नकाशातल्या जागांची नावं), वेळ किती.

वेळेचे आकडे पाठ असतील तर मनाला काम मिळतं. 'व्हॅलोरंट' या गेममध्ये स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावल्यापासून 45 सेकंदांनी फुटतो, डिफ्यूजला (तो निकामी करायला) 7 सेकंद लागतात आणि अर्धं काम झाल्यावर थांबलात तरी तेवढी प्रगती टिकते. मग योजना आपसूक सुचते: डिफ्यूजचा पहिला टच फसवा द्यायचा, आवाज ऐकून बाहेर डोकावणाऱ्याला टिपायचं, मग पुन्हा बसायचं. टीममेट माइकवर सूचनांचा भडिमार करत असतील तर 'दहा सेकंद शांत' एवढंच म्हणा.

मॅच संपल्यावर

हरलात तर खुर्चीतून उठा, पाणी प्या, लॉबीत भांडू नका. रीप्ले त्याच रात्री बघू नका, तेव्हा फक्त दोष दिसतात. दुसऱ्या दिवशी बघा, तेही एकच मरण: कुठे उभे होतात, काय माहीत होतं, कुठल्या बाजूला पाठ होती.

धडधड, झोप उडणं, हात कापणं हे खेळाबाहेर परीक्षेत, कामावर किंवा चारचौघांत बोलतानाही होत असेल, तर वरचे उपाय पुरणार नाहीत. समुपदेशकाला भेटा आणि सांगताना रँक्ड मॅचचाही उल्लेख करा. नेमकं कधी होतं हे सांगायला ते उदाहरण सोपं पडतं.