जिताड्यासाठी रॉड, दोरी आणि गळ घेताना या चुका टाळा

दुकानात शिरल्यावर बहुतेक जण सरळ रॉडकडे जातात. हातात घेऊन दोनदा हवेत झटकतात, टोक वाकवून बघतात आणि तिथेच अर्धं बजेट संपतं. मग त्या रॉडला शोभेल असं रील, रिलात मावेल ती दोरी आणि उरलेल्या पैशात गळ. खाडीत जिताडा लागला की ओढ मात्र नेमकी उलट्या क्रमाने येते. आधी गळावर, मग लीडरवर (गळ आणि मुख्य दोरी यांच्यामधला जाड तुकडा), गाठीवर, दोरीवर, रिलाच्या ड्रॅगवर (ओढ वाढली की दोरी सोडणारा ब्रेक) आणि सगळ्यात शेवटी रॉडवर. म्हणजे सगळ्यात स्वस्तात आणलेली वस्तू सगळ्यात आधी कसाला लागते. म्हणून खरेदी माशाच्या तोंडापासून सुरू करा आणि आपल्या हातापर्यंत या. पुढे सांगितलेल्या चुकाही त्याच क्रमाने घेतल्या आहेत.

तळ्याचं सामान खाडीत

बास फिशिंगचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या लार्जमाउथ बासचे असतात. तो गोड्या पाण्यातला, तळ्यात राहणारा मासा. त्याचा विक्रम 1932 मध्ये जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी केला, सुमारे 10.1 किलोचा. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली, पण त्याच्या फार पुढे कोणी गेलेलं नाही. रोजचा बास एक-दोन किलोचा. त्या मासळीसाठी केलेले गळ, रिंगा आणि दोऱ्या तिथे उत्तम चालतात.

आपला जिताडा, गोव्यातला चोणक, म्हणजे एशियन सीबास. दिसायला आणि दबा धरून बसण्याच्या सवयीत तो बासच्या जवळचा वाटतो, म्हणून लोक तेच सामान मागवतात. पण हा मासा 10 किलोच्या पुढे सहज जातो, खारं पाणी, निमखारं पाणी आणि नदी अशा तिन्ही ठिकाणी फिरतो, आणि राहतो ती जागा दोरीची वैरी असते: तिवरांची मुळं, जेटीचे खांब, त्यावर चिकटलेली कालवं. त्याच्या गालफडाची कड पात्यासारखी धारदार असते आणि तोंडाची आतली बाजू कानशीसारखी खरखरीत. त्यात तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. सामान निवडताना या चार-पाच गोष्टी डोळ्यांसमोर ठेवल्या की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

गळ: सगळ्यात स्वस्त चूक, सगळ्यात महाग पडणारी

लुअरसोबत (नकली आमिषासोबत) आलेले तीन काट्यांचे गळ आहेत तसेच वापरू नका. गोड्या पाण्यासाठीच्या लुअरवरचे गळ बारीक तारेचे असतात. मोठ्या जिताड्याने एकदा जोर लावला की ते सरळ होतात. मासा सुटल्यावर लुअर परत आला आणि गळ उघडलेला दिसला, तर दोष ना तुमच्या हाताचा ना नशिबाचा. जाड तारेचे, खाऱ्या पाण्याला टिकणारे गळ लावा आणि त्यासोबत गळ लुअरला जोडणारी कडी, म्हणजे स्प्लिट रिंगही बदला. रिंग बारीकच राहिली तर पुढच्या वेळी ती उघडेल. मात्र जाड गळ वजनदार असतो, त्यामुळे तरंगणारा लुअर हळूहळू बुडायला लागू शकतो. आधी काठाजवळच्या उथळ पाण्यात सोडून बघा.

गळाच्या आकड्यांत नवखा माणूस हमखास गोंधळतो. 1, 2, 4, 6 या मालिकेत आकडा वाढला की गळ लहान होतो. पण 1/0, 2/0, 4/0 या मालिकेत आकडा वाढला की गळ मोठा होतो. जिवंत कोळंबी किंवा बोय लावून गरवणार असाल तर 4/0 ते 6/0 चा, टोक आत वळलेला सर्कल हुक घ्या. तो लावल्यावर मासा ओढायला लागला की झटका मारायचा नाही. दोरी ताणू द्यायची आणि शांतपणे रील फिरवायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका मारण्याची सवय सुटत नसेल तर सर्कल हुकाच्या वाटेला जाऊच नका, साधा गळ बरा.

धार बघायची पद्धत सोपी आहे. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. ते अडलं आणि बारीक ओरखडा उमटला तर धार आहे. नुसतं घसरत गेलं तर कानस लावा किंवा गळ बदला. खडकावर एकदा आपटलेला गळ बहुतेक वेळा या परीक्षेत नापास होतो.

लीडर नाही, किंवा चुकीचा लीडर

ब्रेडेड लाइन (बारीक तंतू विणून केलेली दोरी, पुढे नुसतं ब्रेड) थेट लुअरला बांधणं ही जिताड्याच्या बाबतीत अक्षम्य चूक आहे. ब्रेडची ताकद भरपूर, पण घासली गेली की ती लगेच तुटते. गालफडाचा एक फटका पुरतो. दुसऱ्या टोकाला काही जण सुरमईची सवय म्हणून स्टीलची तार लावतात. सुरमईला कापणारे दात असतात, जिताड्याला नसतात. तारेमुळे लुअरची चाल बिघडते आणि मासा बिचकतो.

इथे हवा तो फ्लुओरोकार्बन किंवा जाड नायलॉनचा लीडर, 40 ते 60 पौंड ताकदीचा, एक ते दीड मीटर लांब. मुख्य दोरी 30 पौंडांची असताना लीडर 50 चा कशाला, असं बरेच जण विचारतात. लीडरची ती जाडी ओढ सोसण्यासाठी नसते, घासणं सोसण्यासाठी असते. 20 पौंडी लीडर कालवाच्या एका कडेने तुटतो, 50 पौंडी त्याच कडेवर ओरखडे घेऊन परत येतो. पाण्यावर चालणारा पॉपर वापरत असाल तर नायलॉन घ्या, कारण फ्लुओरोकार्बन बुडतो आणि पॉपरचं नाक खाली ओढतो.

दोरीवरचा पौंडाचा आकडा बघून खरेदी

स्वस्त ब्रेडच्या डबीवर 80 पौंड छापलेलं असतं आणि आत सुतळीसारखी जाड दोरी. आकडा कितीही छापता येतो, म्हणून जाडी बघा. जपानी पद्धतीचा पीई आकडा जाडीवरून ठरतो: पीई 1 म्हणजे साधारण 0.165 मिमी, पीई 2 म्हणजे 0.235, पीई 3 म्हणजे 0.285. खाडीतल्या जिताड्याला पीई 2 पुरते, मोठ्या खांबांच्या किंवा दगडांच्या जागी पीई 3. त्याहून जाड दोरीला वारा आणि प्रवाह दोन्ही जास्त ओढतात आणि लुअर लांब जात नाही.

ब्रेड रिलावर थेट गुंडाळली तर ती रिलाच्या गुळगुळीत चकरीवर, म्हणजे स्पूलवर घसरते. याचं लक्षण फसवं असतं. ड्रॅग पूर्ण आवळला तरी मासा दोरी नेतच राहतो, आणि माणूस रील खराब झालं म्हणून दुकानात परत जातो. दोरीचा गठ्ठा अंगठ्याने दाबून फिरवून बघा. स्पूल जागेवर आणि गठ्ठा फिरतोय असं दिसलं तर दोष रिलाचा नाही. तळाशी साध्या तंगुसाच्या (एकपदरी नायलॉनच्या दोरीच्या) दहा-पंधरा फेऱ्या घालून त्यावर ब्रेड भरा, प्रश्न संपला. भरताना दोरी ओल्या फडक्यातून ताणून भरा आणि स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडा. सैल किंवा काठोकाठ भरलेल्या स्पूलवरूनच फेकताना गुंते होतात.

जिवंत आमिषाने गरवणाऱ्याला ब्रेडची गरज आहेच असं नाही. तंगुसाची दोरी ताणते, तो तिचा गुणही आहे. मासा उडी मारतो तेव्हा ती झटका पोटात घेते.

तुटलेलं टोक फेकू नका, बघा

दोरी तुटली की चिडून पुन्हा बांधायला घेण्याआधी राहिलेलं टोक उजेडात धरा. काय बदलायचं ते तिथे स्पष्ट दिसतं, आणि माझ्या मते ही एक सवय महागड्या रॉडपेक्षा जास्त मासे हाताला लावते.

टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सुटली आहे. ब्रेडला साधी क्लिंच गाठ मारली की हे होतं, कारण ब्रेड घसरते. जिताडा सोडून दुसऱ्या मासळीसाठी लुअरच्या कडीला ब्रेड बांधायचीच असेल तर पालोमार गाठ, आणि ब्रेड-लीडर जोडायला एफजी किंवा डबल युनी या गाठी. एफजी बारीक असते, रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही, पण वाऱ्यात ती नीट जमत नसेल तर नीट मारलेली डबल युनी अर्धवट एफजीपेक्षा कितीतरी चांगली. कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी ओढली की घर्षणाने तापते आणि लीडर तिथेच कमजोर होतो. एफजी घट्ट बसली की ब्रेडचा रंग त्या जागी गडद होतो, ती खूण दिसेपर्यंत ओढत राहा.

टोक सुरीने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर गालफड किंवा कालव. लीडर एका पायरीने जाड करा आणि मासा उडी मारताना रॉडचं टोक खाली नेऊन दोरी किंचित सैल सोडा.

टोकाच्या वरचा वीतभर भाग खरवडलेला, पांढरट झालेला असेल तर लीडर आधीपासूनच गेलेला होता. प्रत्येक माशानंतर, आणि दगडात अडकून सुटल्यानंतरही, लीडर दोन बोटांच्या चिमटीतून लुअरपर्यंत ओढा. डोळ्याला न दिसणारा खडबडीतपणा बोटाला कळतो. लागला तर तेवढा तुकडा कापून पुन्हा बांधा.

आणि ब्रेड दरवेळी साधारण त्याच अंतरावर तुटत असेल तर रॉडच्या कड्या तपासा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे आतल्या सिरॅमिकला तडा आहे. गाडीत टाकलेल्या, दरवाजात आपटलेल्या रॉडला हे हमखास होतं.

ड्रॅग अंदाजाने आवळणं

हाताने ओढून "बरा वाटतोय" म्हणणं पुरेसं नाही. बाजारात मिळणारा छोटा हुकाचा वजनकाटा दोरीला अडकवून सरळ ओढा. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागावर ड्रॅग सुटला पाहिजे. 30 पौंड म्हणजे साडेतेरा किलो, तर साडेतीन किलोच्या आसपास सुरुवात करा. तिवरांच्या मुळाशी मासा मुसंडी मारतो तेव्हा थोडा जास्त लागतो, पण पूर्ण कधीच आवळू नका.

ड्रॅग करकरत दोरी जात असताना हँडल फिरवत राहण्याचा मोह आवरा. त्याने एक इंचही दोरी आत येत नाही, उलट स्पिनिंग रिलावर दोरीला पीळ पडतो आणि पुढच्या फेकीत गुंता होतो. मासा थांबला की रॉड उचला, मग खाली नेताना गुंडाळा.

आता रॉड

इथवर ठरलं की रॉड जवळजवळ स्वतःच ठरतो. दांड्यावर दोरीची ताकद आणि फेकायचं वजन छापलेलं असतं. 15 ते 40 ग्रॅमचे लुअर वापरणार असाल तर ते वजन त्या मर्यादेत बसलं पाहिजे. पाच ग्रॅमचा लुअर जड रॉडने फेकता येत नाही, आणि साठ ग्रॅमचं शिसं हलक्या रॉडने फेकलं तर रॉड मोडतो. पॉवर आणि ॲक्शन या वेगळ्या गोष्टी आहेत. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर, आणि तो कुठून वाकतो ती ॲक्शन. जिताड्याला मीडियम-हेवी पॉवर आणि फास्ट ॲक्शन बरी. होडीतून किंवा तिवरांजवळ सात फूट, जेटीवरून आणि दगडांवरून आठ-नऊ फूट.

जेटीवरून मासा रॉडनेच वर उचलू नका. रॉड उभा करून वजन घेतलं की सगळा ताण टोकाच्या बारीक भागावर येतो आणि कार्बन कडकन मोडतो. लांब दांड्याची किंवा दोरीने खाली सोडायची जाळी आधी विकत घ्या. कार्बनमधून वीज वाहते हेही लक्षात असू द्या: वरून तारा जात असतील तिथे फेकू नका, आणि मे किंवा ऑक्टोबरात ढग गडगडले की रॉड खाली ठेवून काठावरून बाजूला व्हा.

लुअरच्या रंगावर मी फार वेळ घालवत नाही. गढूळ पाण्यात उठून दिसणारा एक आणि स्वच्छ पाण्यातला रुपेरी एक, एवढे पुरतात. खोली आणि वेग चुकला तर रंग काही वाचवत नाही. लुअर कुठे पडतो ते जास्त महत्त्वाचं. खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीतून, म्हणजे दारातून, सुकतीला (ओहोटीला) पाणी बाहेर पडतं, त्यासोबत कोळंबी आणि बारीक मासळी येते, आणि जिताडा त्या धारेच्या कडेला, वाहत्या आणि संथ पाण्याच्या सीमेवर थांबतो. लुअर धारेतून त्या सीमेवर आणा. लुअरला सैल लूप गाठ मारलेली असेल तर तो मोकळा पोहतो.

घरी आल्यावर, आणि मासा हातात आल्यावर

रिलावर नळाचा जोरदार फवारा मारू नका, त्याने मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग आवळून साध्या पाण्याची हलकी धार सोडा, पुसा, सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. लुअरही धुवा. डबीत एक खारट लुअर राहिला तरी बाकीच्यांचे गळ गंजतात.

माशाच्या गालफडात बोटं घालू नका, बोटं कापतात. खालच्या जबड्याला पकड लावा आणि दुसरा हात पोटाखाली द्या. जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर माद्या होतात, त्यामुळे अंगाने मोठा जिताडा म्हणजे बहुधा अंड्यांची मादी. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये भरतीच्या पाण्यातला 58 सेंमीपेक्षा लहान आणि 120 सेंमीपेक्षा मोठा जिताडा परत सोडावा लागतो. आपणही फार लहान आणि फार मोठे सोडावेत असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी गळाचा उलटा काटा घरूनच पक्कडीने दाबून न्या. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही, आणि सोडताना गळ एका वळशात निघतो.