आंदालुसियाच्या गावात राहायला येताय? आधी पंचायत गाठा

स्पेनच्या आंदालुसिया प्रदेशात, सेव्हिया शहराजवळच्या लहान गावांत घर शोधणाऱ्या, हंगामात शेतावर कामाला जायचा विचार करणाऱ्या नव्या मंडळींसाठी हे लिहितोय.

आल्या आल्या आयुन्तामियेन्तोत, म्हणजे गावच्या पंचायतीत जा आणि पाद्रोनमध्ये, म्हणजे गावच्या रहिवासी नोंदवहीत, नाव घाला. पासपोर्ट आणि भाडेकरार लागतो. करार दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याची लेखी संमती. तुमचा राहण्याचा परवाना कुठला, यावर ही नोंद अडत नाही. दवाखान्याचं कार्ड, मुलांची शाळा, पुढचे अर्ज, सगळीकडे हाच दाखला मागतात. कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत दर दोन वर्षांनी नोंद नव्याने करायची, ती तारीख विसरू नका. घरमालक ‘नोंद नको’ म्हणाला तर ते घर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तिथे जाताना बिचकू नका. सरकारी टेबलासमोर अंग चोरून उभं राहायची आपली सवय इथे सोडा. लहान गावातला आल्काल्दे, म्हणजे सरपंचच म्हणा, बारमध्ये कॉफी पिताना भेटतो आणि मजूर माणूस त्याला कामाचं तोंडावर विचारतो. ही धिटाई कुठून आली ते कळायला मारिनालेदाची हकीकत माहीत हवी.

मारिनालेदा हे सेव्हिया प्रांतातलं जेमतेम अडीच-पावणेतीन हजार वस्तीचं गाव. भोवती नजर पोचेल तिथवर जमीन, पण ती बड्या जमीनदारांची. गावकऱ्यांकडे फक्त हात, आणि त्यांनाही वर्षातले थोडेच महिने काम. १९७९ मध्ये, हुकूमशहा फ्रँकोनंतरच्या पहिल्या स्थानिक निवडणुकीत, हुआन मानुएल सांचेझ गोर्दियो हे तरुण शिक्षक आल्काल्दे झाले. ऑगस्ट १९८० मध्ये सुमारे ७०० गावकरी उपोषणाला बसले. हंगाम नसताना पोट कसं भरायचं, हा त्यांचा सवाल होता. मग मागणी जमिनीवर आली. इन्फान्तादोच्या ड्यूकच्या एल उमोसो या शेतावर गावकरी ठाण मांडायचे, सिव्हिल गार्ड, म्हणजे इथले पोलीस, त्यांना उठवायचे, ते पुन्हा जायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी १९९१ मध्ये आंदालुसिया सरकारने त्यातली १,२०० हेक्टर जमीन घेऊन गावाला कसायला दिली.

त्यानंतरचा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. गहू, सूर्यफूल लावलं की यंत्र येतं आणि माणूस घरी बसतो. म्हणून त्यांनी आर्टिचोक, ढोबळी मिरची, घेवडा, ऑलिव्ह अशी हात लागणारी पिकं घेतली आणि माल डबाबंद करायचा कारखाना गावातच काढला. नफा किती सुटेल यापेक्षा मजुरी किती घरांत जाईल, हे आधी पाहिलं. घरांचंही तसंच: जागा पंचायतीची, साहित्य राज्य सरकारचं, राबायचं स्वतः, आणि हप्ता महिन्याला १५ युरोच्या आसपास.

२०१२ च्या मंदीत गोर्दियोंच्या शेतमजूर संघटनेने दोन सुपरमार्केटमध्ये शिरून पैसे न देता अन्नाच्या गाड्या भरल्या, गरजूंना द्यायला. त्यावरून देशभर वाद पेटला. कामवाटपात आपला-परका होतो, असं गावातले विरोधकही म्हणत. ४४ वर्षांनी, २०२३ मध्ये, गोर्दियो पायउतार झाले. त्यांची प्रत्येक गोष्ट मला पटते असं नाही. पण शेतमजुराने मालकासमोर मान वर करून बोलावं, ही रीत त्यांच्यासारख्यांनी या मुलखात पाडली आणि आज तिचा फायदा तुम्हा-आम्हालाही मिळतो.

आता शेतावरचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात खाण्याच्या हिरव्या ऑलिव्हची तोडणी असते. टोपली छातीशी टांगायची आणि गाईची धार काढावी तशी फांदी मुठीतून ओढत फळं तीत पाडायची. फळाला मार लागला की त्यावर डाग पडतो, म्हणून काठीने झोडपायचं नाही. तेलाची तोडणी हिवाळ्यात.

टोळीवर मानिहेरो असतो. आपला ऊसतोडीचा मुकादम डोळ्यांसमोर आणा. ‘काम मिळवून दिलं’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, ते बेकायदा आहे. सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी विमा-पेन्शनच्या खात्यात, तुमची नोंद कामाच्या पहिल्या दिवसाआधी झालीच पाहिजे. खिशात वही ठेवा आणि रोज लिहा: तारीख, शेत, सुरू कधी, सुट्टी कधी. महिनाअखेर नोमिना, म्हणजे पगारपत्रक, हातात आलं की ताळा करा. बारा दिवस राबवून पाचच दाखवायचे, ही इथली जुनी लबाडी. मालकाने कळवलेल्या दिवसांचा ‘होर्नादास रेआलेस’ नावाचा अहवाल सोशल सिक्युरिटीकडून मिळतो, तो काढून वहीशेजारी ठेवा.

हिशेब जुळला नाही तर मानिहेरोशी वाद घालत बसू नका. कामगार निरीक्षकांकडे, ‘इन्स्पेक्सियोन दे त्राबाहो’कडे, नाव न देताही कळवता येतं. कामगार संघटनेत गेलात तर वही आणि नोमिना दोन्ही न्या, आणि स्पॅनिश कच्ची असेल तर आपल्यातल्या कोणाला तरी सोबत घ्या, आम्ही येतो. थकलेली मजुरी मागायला एक वर्ष मिळतं. कामावरून काढलं तर दाद मागायला मात्र कामकाजाचे फक्त २० दिवस असतात, तेव्हा त्याच आठवड्यात जा.