हबला पॉलिश पेपर लावण्याआधी: जुना लाकडी प्रोपेलर कसा ओळखावा

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा माझ्या हाती विमानाचा पहिला लाकडी प्रोपेलर, म्हणजे पुढचा पंखा, आला. मधल्या भोकात घड्याळ बसवलेलं. पंचवटीत आमचं जुनं फर्निचर दुरुस्तीचं काम. सवयीने मी तो पॉलिशवाल्या मिस्त्रींकडे दिला. संध्याकाळी लाकूड लखलखत होतं आणि हबवरचे, म्हणजे मधल्या जाड भागावरचे, ठसे गेले होते. एक ‘डी’ आणि दोन आकडे तेवढे उरले. या कामात नव्याने येणाऱ्यांना म्हणून पहिलं सांगणं हेच: ठसे वाचून होईपर्यंत पॉलिश पेपर लांब ठेवा.

बैलगाडीच्या चाकाला तुंबा, तसा प्रोपेलरला हब. सगळी कुंडली तिथे ठोकलेली असते. खोलीत अंधार करून टॉर्च आडवा, लाकडाला जवळजवळ टेकवून धरा. समोरून न दिसणारी अक्षरं सावलीने उठून येतात. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकेच फिरवा. ब्रिटिश प्रोपेलरवर ‘डीआरजी’ म्हणजे ड्रॉइंग नंबर, ‘डी’ म्हणजे व्यास, ‘पी’ म्हणजे पिच (एका फेऱ्यात पातं जितकं पुढे सरकायला हवं ते अंतर), शिवाय बहुतेकदा इंजिनाचं नाव आणि अश्वशक्ती. जर्मन मालावर अश्वशक्तीला ‘पीएस’, पिचला ‘एसटी’. बर्लिनच्या एका कंपनीचं नाव चक्क ‘गरुडा’ होतं. ते वाचून प्रोपेलर आपल्याकडचा समजू नका. फ्रेंचांमध्ये शोव्हिएर या कारखानदाराचा ‘अँतेग्राल’ प्रोपेलर नावाजलेला. १९०९ मध्ये फ्रेंच वैमानिक ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली ती शोव्हिएरच्याच प्रोपेलरवर.

नवखा माणूस हमखास अडतो तो पुढे. ड्रॉइंग ज्याचं, त्यानेच प्रोपेलर बनवला असं नसतं. पहिल्या महायुद्धात मागणी इतकी वाढली की एकाच ड्रॉइंगवरून अनेक कारखान्यांनी, फर्निचरवाल्यांनीसुद्धा, माल काढला. बनवणाऱ्याचं नाव पुष्कळदा पात्यावरच्या चिकटचित्रात असायचं आणि झिजतं तेच आधी. इंजिनावरूनही घाई नको. दुसऱ्या प्रोपेलरवर मला ‘जिप्सी मेजर’ हे इंजिनाचं नाव सापडलं. टायगर मॉथ विमानाचाच, असं मनात पक्कं केलं. पण हेच इंजिन माइल्स मॅजिस्टर विमानाला आणि काही ऑस्टर विमानांनाही होतं. ड्रॉइंग नंबर, व्यास आणि पिच तिन्ही जुळल्यावरच विमानाचं नाव लिहा. व्यास स्वतः टेपने मोजा. टोकं छाटलेली असली तर ठसा एक सांगतो, टेप दुसरंच.

निव्वळ सजावटीसाठी बनवलेले नवेही बाजारात असतात. त्यांच्या पात्यांना पुरेसा पीळ नसतो, बोल्टच्या भोकांभोवती लोखंडी चकती दाबून बसल्याची खूण नसते. खऱ्याच्या धारेवर पितळी पत्रा असेल, तर टोकाशी टाचणीएवढी भोकं शोधा. आत मुरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जावं म्हणून ती ठेवलेली असतात. आपल्या भांडी बाजारातले कारागीर पितळेचं काम सुरेख करतात. फक्त ती भोकं बुजवायची नाहीत, हे आधी बजावून सांगा.

पहिला प्रोपेलर मी विकला नाही. नोंदवहीत त्याच्यापुढे व्यास, लाकडाच्या थरांची संख्या, बोल्टच्या भोकांची संख्या लिहिली आहे. विमानाचा रकाना कोरा आहे.