ब्रेकचा लाल दिवा लागला तर
आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना, ते बघा. बऱ्याचदा तिथेच अडकलेलं असतं. तो खाली असूनही दिवा जात नसेल, तर गाडी सपाट जागी लावून बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी पाहा. घाटात उतारावर किंवा वळणावरच दिवा लुकलुकतो? मग ऑइल किमान खुणेच्या आसपास आलंय, हे जवळपास नक्की. पण नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका. ब्रेक पॅड (ब्रेक दाबल्यावर चाकाच्या डिस्कवर घासणारे तुकडे) झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड तपासून घ्या. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली किंवा पेडल खोल जात असेल, तर गाडी टो करूनच गॅरेजला न्या.