हंसाची अंडी यंत्रात उबवताय? मुंबईची दमट हवा आधी ध्यानात घ्या

हंसाची पिल्लं काढायची असतील तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत अंडी यंत्रात मांडा. हे वेळापत्रक पावसाकडे बघून ठरवायचं असतं. उबवणीला साधारण ३० दिवस लागतात आणि अंगभर पिसं फुटायला पुढचे ८-९ आठवडे. म्हणजे फेब्रुवारीतली पिल्लं पहिल्या पावसापर्यंत पिसांनी झाकली जातात. एप्रिलमध्ये मांडलेल्या अंड्यांची पिल्लं मात्र नुसत्या लवेवर असतानाच जून गाठतात. वसई, अर्नाळा, उत्तन, गोराई या पट्ट्यात तेव्हा पिल्लांखाली अंथरलेलं ओलं तूस वाळवायला ऊनच मिळत नाही, आणि ओल्या तुसातली बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाते.

अंडी रोज सकाळी गोळा करा. शेण-चिखल लागलेलं अंडं शक्यतो बाजूला ठेवा. थोडीशीच घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, धुऊ नका. साठवण हा मुंबईतला पहिला अडसर आहे. अंडी १३ ते १६ अंश तापमानात राहिली तर आठवडाभर चांगली टिकतात, पण आपल्या खोलीत २७-२८ अंश असतात. २०-२१ अंशांच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मग मरतो. फ्रिजच्या ४ अंशांतही तो टिकत नाही. म्हणून सोय नसेल तर ४-५ दिवसांत जमतील तेवढीच अंडी मांडा. जास्त जमवण्याच्या मोहात सगळीच अंडी बिघडतात.

बाजारातल्या थर्माकोलच्या यंत्रांचे आपोआप फिरणारे ट्रे कोंबडीच्या अंड्याच्या मापाचे असतात. हंसाचं अंडं त्यात नीट बसत नाही, आणि उभं ठेवलं तर पिल्लंही कमी निघतात. अंडं आडवंच ठेवा. एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि हाताने फिरवा. दिवसातून ५ वेळा चालेल, ७ वेळा अधिक चांगलं. आकडा विषम ठेवला की रात्रीच्या लांब वेळेत रोज तीच बाजू खाली येत नाही. एकदा उजवीकडे फिरवलं तर पुढच्या वेळी डावीकडे.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश ठेवा. यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. तापाचा पाऱ्याचा थर्मामीटर अंड्यांच्या शेजारी तासभर ठेवा, तो ९९.५ फॅरनहाइट दाखवतो का ते बघा. अर्ध्या अंशाची चूक महिनाभर चालली तर तिचा फटका शेवटी बसतो.

आता आर्द्रता. सर्वांत जास्त पिल्लं इथेच जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा. तक्ते ५० ते ५५ टक्के सांगतात आणि लोक पहिल्या दिवसापासून ट्रेमध्ये पाणी ओतत राहतात. पण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. बाहेर २४ अंश आणि ६५ टक्के असेल, तर यंत्रात तीच हवा ३७.५ अंशांना सुमारे ३० टक्के भरते. तेव्हा पाणी लागतंच. जुलैत बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के असताना मात्र यंत्रात पाण्याचा थेंब नसला तरी ५० टक्के होतात. त्यावर ट्रे भरला तर अंड्यातलं पाणी उडायला वावच राहत नाही. पिल्लू आत फुगतं, हवेची पोकळी लहान राहते आणि आतून कवचाला टोच मारायच्या आधीच ते गुदमरतं. एसी चालू असलेल्या खोलीत याच्या उलट घडतं, हवा फार कोरडी पडते. म्हणून एकच तक्ता सगळ्यांना लागू पडत नाही.

यावर भरवशाचा उपाय म्हणजे वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. मांडताना प्रत्येक अंड्यावर वजन लिहा. टोच मारेपर्यंत अंड्याचं वजन १२ ते १४ टक्क्यांनी घटायला हवं. १५० ग्रॅमचं अंडं असेल तर आठवड्याला साधारण ५ ग्रॅम, चार आठवड्यांत २० ग्रॅमच्या आसपास. दर आठवड्याला सगळ्या अंड्यांची सरासरी काढा. घट कमी असेल तर ट्रेमधलं पाणी काढा आणि हवेची भोकं उघडा. घट जास्त असेल तर पाण्याचं क्षेत्रफळ वाढवा, म्हणजे मोठ्या तोंडाचं भांडं ठेवा. भांड्याची खोली वाढवून काही होत नाही.

आठव्या-नवव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा. लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला की अंडं चांगलं. रक्ताचं गोल कडं दिसलं तर गर्भ मेला आहे, ते अंडं काढून टाका. राहू दिलं तर सडून फुटतं आणि शेजारच्या अंड्यांनाही खराब करतं.

हंसीण रोज एकदा घरट्यातून उठते, चरते, पाण्यात डुंबून येते आणि ओल्या पोटाने पुन्हा बसते. यंत्रातही दुसऱ्या आठवड्यापासून तसंच करा. रोज १०-१५ मिनिटं झाकण उघडं ठेवा. आपल्या खोल्या उबदार असल्याने घड्याळापेक्षा पापणीचा अंदाज बरा: अंडं मिटलेल्या डोळ्याला लावा, गरमही नाही आणि गारही नाही असं वाटलं की पुरे. हिवाळ्यात त्यावर कोमट पाण्याचा हलका फवारा द्या. आर्द्रता आधीच जास्त असेल तर फवारा सोडा, गार करणं मात्र चालू ठेवा. शेवटच्या पंधरवड्यात एवढ्या मोठ्या अंड्यात गर्भाची स्वतःची उष्णता खूप साठते. वीज तास-दीड तास गेली तरी त्या दिवसांत घाबरू नका, झाकण उघडू नका. वसई-विरारकडच्यांनी इन्व्हर्टरची सोय मात्र आधीच करून ठेवावी.

२७ व्या दिवशी फिरवणं आणि गार करणं बंद करा, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास न्या. पहिला टवका निघाल्यापासून पिल्लू पूर्ण बाहेर यायला एक ते दोन दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. या वेळी हात शिवशिवतात, पण कवच सोलू नका. आतल्या पडद्याच्या शिरांमध्ये रक्त असतं आणि पिवळ्या बलकाची पिशवी पोटात ओढली जायची असते. घाईने सोललेलं पिल्लू रक्तस्रावाने जातं.

पिल्लं यंत्रातच वाळू द्या, मग ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्ब लावलेल्या उबदार पेटीत ठेवा. पहिल्या आठवड्यात ३२ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. मुंबईत मार्चमध्ये दुसऱ्या आठवड्यापासून दिवसा बल्ब लागत नाही, रात्रीपुरता लावा. एकावर एक चढून गोळा झाली तर त्यांना थंडी आहे, तोंड उघडून लांब पळाली तर उकडतंय. खाली वर्तमानपत्र घालू नका, त्यावर घसरून पाय फाकतात. पहिले दोन-तीन दिवस गोणपाट, मग कोरडं तूस. पाण्याचं भांडं जाळी लावलेल्या ट्रेवर ठेवा, म्हणजे सांडलेलं पाणी खाली जातं आणि अंथरूण कोरडं राहतं. भांडं एवढंच खोल असावं की नाकपुड्या बुडतील पण पिल्लू आत पडणार नाही. चोच आणि नाक धुता आलं नाही तर डोळे चिकटतात.

कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य द्याल तर औषध न मिसळलेलं घ्या, आणि त्यात नियासिन हे ब जीवनसत्त्व कमी पडतं हेही लक्षात ठेवा. पाय वाकडे होणं, घोटे सुजणं ही त्याचीच लक्षणं. किलोमागे सुमारे ५० ग्रॅम ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना उरणारं, वाळवलेलं यीस्ट) मिसळा. पाव फुगवायचं यीस्ट चालत नाही. तीन आठवडे २० टक्के प्रथिनं, त्यानंतर १५-१६ टक्क्यांवर आणा. नाहीतर पंखाचं टोक बाहेर वळतं आणि तसंच राहतं. दुसऱ्या दिवसापासून बारीक चिरलेली हरळी, लसूणघास किंवा कोबीची पानं द्या, सोबत बारीक वाळू. लांब गवताचे धागे गळ्याखालच्या पिशवीत अडकतात.

खाद्य दहा-पंधरा दिवसांचंच आणा. दमट हवेत मक्याला आणि शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी चढते आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष या पिल्लांना फार लवकर मारतं. गाठी झाल्या किंवा कुबट वास आला तर ते खाद्य फेका. उन्हात वाळवल्याने बुरशी मरेल, तिचं विष जात नाही.

हंसिणीशिवाय वाढलेल्या पिल्लांच्या लवेला तिच्या अंगाचं तेल मिळत नाही. त्यामुळे ती लवकर भिजतात आणि गारठतात. पहिल्या आठवड्यानंतर उन्हात, तुमच्या नजरेसमोर, पाच-दहा मिनिटांचं उथळ पाणी पुरे. मोकळं पोहणं चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून. रात्री बारीक जाळी लावा, कारण घूस मोठ्या भोकातून आत शिरते आणि मांजर पंजा घालते.

एखादं पिल्लू लंगडत असेल किंवा मान वर करून श्वास घेत असेल तर त्याला वेगळं काढा आणि पशुवैद्यकाला दाखवा. मुंबईकरांना परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. डक प्लेग हा बदकांचा विषाणूजन्य रोग हंसांनाही होतो, त्याच्या लसीबद्दल तिथेच विचारा. एकदम चार-पाच पक्षी मेले तर पिल्लं विकू नका, कोणाला देऊ नका आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.