नागीण उठली? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की अंगावरच्या कुठल्याही पुरळाचं खापर उन्हावर फुटतं. "उष्णता झाली असंल भाऊ, पन्हं घे." पहिले दोन दिवस यातच जातात. घामोळ्या खाजतात आणि सहसा दोन्ही बाजूंना उठतात. नागीण एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि फोड यायच्या आधीपासून तिथे आग होते, बनियन घासली तरी जीव कळवळतो.

"लहानपणी कांजिण्या झाल्यात, आता काय होणार?" हा दुसरा गैरसमज. दोन्हींचा विषाणू एकच. खपल्या पडल्या तरी तो जात नाही, पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींत दडतो आणि तिथे चाळीस-पन्नास वर्षंही काढतो. प्रतिकारशक्तीला तो सापडत कसा नाही? एरवी पेशी आत बनलेल्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते. टी पेशी (प्रतिकारशक्तीचे पहारेकरी) ते तपासत फिरतात आणि परका तुकडा दिसला की ती पेशीच मारतात. दडलेला विषाणू प्रथिनं बनवणं जवळजवळ थांबवतो. डीएनए तेवढा उरतो, मग बाहेर मांडणार काय? रक्तातली प्रतिपिंडंही पेशीच्या आत पोचत नाहीत. वय झालं किंवा स्टिरॉइड, केमोथेरपीसारखे उपचार सुरू असले की टी पेशींचा पहारा ढिला पडतो. मग विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि चेतातंतूवरून कातडीपर्यंत उतरतो. पट्टा उमटतो तो त्या चेतेच्या हद्दीत.

म्हणूनच गेरू, दूर्वा-तांदळाचा लेप, झाडून घेणं यांनी विषाणूला काही फरक पडत नाही. (विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, हीही भाकडकथाच.) असायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्या प्रती निघणं रोखतं, त्यामुळे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर खरा उपयोग. नागपुरात असाल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची त्वचारोग ओपीडी गाठा. उशीर नडला तर फोड सुकतात, पण ठणका महिनोन्महिने राहू शकतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

गोळ्यांनी दडलेला विषाणू मरत नाही, नागीण पुन्हा उठू शकते. पन्नाशीनंतर लस मिळते, पण ती प्रतिबंधासाठी. उठलेल्या नागिणीवर इलाज म्हणून नाही. फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवा आणि कांजिण्या न झालेली गरोदर बाई, तान्ही बाळं यांच्यापासून लांब राहा. त्यांना फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात.