माथेरानला दोघांनी राहायचं तर

माथेरानात गाडी येत नाही, म्हणजे शांतता आपोआप मिळेल, अशा समजुतीनं बरीच जोडपी जातात आणि रात्री उशिरापर्यंत शेजारच्या हॉलमधली गाणी ऐकत बसतात. हॉर्न नाही, धूर नाही, हे खरंच. पण हॉटेलातला निवांतपणा ठरतो तो वार, खोली आणि बुकिंगआधी केलेला एक फोन यांवर.

शनिवार टाळा. पायथ्याचं नेरळ स्टेशन मुंबईच्या लोकलवर असल्यामुळे शनिवारी सकाळपासून गाव भरतं आणि रविवारी दुपारनंतर रिकामं होतं. सोमवारी चढून बुधवारी उतरणं सगळ्यांत चांगलं. डिसेंबर-जानेवारीत मात्र शाळांच्या सहली आठवड्याच्या मधल्या वारीही येतात. तेव्हा फोनवर सरळ विचारा, ‘त्या दिवशी एखादा ग्रुप आहे का?’

राहायचं ते दोन रात्री. एका रात्रीत काही हाती लागत नाही, कारण चढण्यात अर्धा दिवस जातो आणि इथल्या बऱ्याच हॉटेलांत खोली सकाळी लवकर, कधी नऊ-दहालाच सोडावी लागते. मधला अख्खा दिवस मोकळा मिळाला तरच या मुक्कामाला अर्थ आहे.

फोन बुकिंगच्या साइटला नको, थेट हॉटेलला करा. खोली डायनिंग हॉल, खेळाची खोली आणि जनरेटर यांच्यापासून किती लांब आहे, ते विचारा. वीज गेली की जनरेटरची घरघर भिंतीतून येते आणि कोपऱ्यातली खोली घेतल्याचा सगळा फायदा जातो. स्वतंत्र व्हरांडा आहे का, आणि तो समोरच्या खोलीच्या दारासमोर तर नाही ना? गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळेतच? पावसाळ्यात जायचं असेल तर छप्पर पत्र्याचं आहे का, हेही विचाराच. पत्र्यावरचा पाऊस दहा मिनिटं छान वाटतो, रात्रभर झोप लागू देत नाही. खोलीचा आजचा फोटो मोबाइलवर मागवा. साइटवरचे फोटो बहुधा सगळ्यांत चांगल्या खोलीचे असतात आणि तुमच्या वाट्याला भिंतीला ओल आलेली, कुबट वासाची खोली येऊ शकते.

ओळखपत्र दोघांचंही लागतं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते सहसा चालत नाही; आधार किंवा वाहन परवाना ठेवा. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्यानं हॉटेलात राहण्याला कायद्याची आडकाठी नाही. तरी काही हॉटेलं स्वतःच्या नियमावर बोट ठेवून नकार देतात. त्यामुळे ‘आम्ही दोघं येतोय, ओळखपत्रं अशी आहेत’ हे आधीच कळवून होकार मेसेजवर लिहून घ्या. दारातून परत फिरावं लागलं की मुक्कामाचा सगळा आनंद तिथंच मावळतो.

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलनं नेरळ गाठा. पुण्याहून येताना कर्जतला उतरून लोकलनं दोन स्टेशनं मागे या. नेरळहून मिनी ट्रेन १९०७ पासून धावते. जेमतेम २० किलोमीटरला तिला अडीच तासांहून जास्त लागतात, डबे मोजकेच, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्टेशन) हा भाग बंद असतो. जागा मिळाली तर जरूर बसा, पण बेत तिच्यावर बेतू नका. नेरळहून शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत नेते; गाड्या तिथंच थांबतात. पुढे बाजारपेठेपर्यंत साधारण अडीच-तीन किलोमीटर: जवळच्या अमन लॉजहून शटल ट्रेन, ई-रिक्षा, घोडा किंवा पायी. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आहे, तेव्हा त्यांवर विसंबू नका. दस्तुरीला ‘ट्रेन बंद आहे’, ‘तुमचं हॉटेल फार लांब आहे’ असं कुणी सांगितलं तर आधी हॉटेलला फोन लावा. घोड्याचा आणि हमालाचा दर बसण्याआधी, सामान देण्याआधी ठरवा. चाकाची बॅग आणू नका. लाल मातीत आणि दगडांत चाकं अडकतात. पाठीवरची सॅक बरी.

सामानात प्रत्येकी एक टॉर्च, रोख पैसे, जाड तळाचे बूट आणि पावसाळ्यात कपड्यांचा एक जास्तीचा जोड हवा, कारण धुक्यात काहीच वाळत नाही.

माकडांना हलक्यात घेऊ नका. व्हरांड्यात चहा घ्या, पण बिस्किटाचा पुडा खोलीतच राहू द्या. दार लोटून आंघोळीला गेलात तरी ती आत शिरतात. हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर क्रीमचा केक घाटातून आणू नका, वळणावळणांत तो बसतो. मावा केक किंवा प्लम केक नीट पोचतो. जेवण व्हरांड्यात हवं असल्यास सकाळीच सांगा आणि सगळं एकदम झाकून मांडायला सांगा, म्हणजे दर पाच मिनिटांनी कुणी वाढायला येणार नाही. लहान हॉटेलांचं स्वयंपाकघर लवकर आवरतं, त्यामुळे आठची वेळ बरी. मेणबत्ती वाऱ्यानं टिकत नाही आणि जुन्या लाकडी बांधकामात धोक्याचीही. बॅटरीचा कंदील न्या.

मधल्या दिवशी सगळे पॉइंट करायचा हट्ट सोडा. सकाळी लुईझा पॉइंट. समोर प्रबळगड दिसतो. तिथून शार्लोट तलावाकडे सावलीतून वाट जाते, शेजारीच पिसारनाथाचं देऊळ आहे. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा, म्हणून त्यात उतरू नका. दुपार खोलीसाठी राखा. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटला गर्दी लोटते. सूर्य बुडाला की ती लगेच पांगते. तुम्ही आणखी पंधरा-वीस मिनिटं थांबा. खरे रंग तेव्हाच चढतात आणि कठडा तुमचाच असतो. उजेड आहे तोवर परत निघा, रानातल्या वाटा अंधारात सारख्याच दिसतात. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय हवा असेल तर घोडेवाल्याशी आदल्या रात्रीच बोला, बाजारातून तो चांगलाच लांब आहे.

तारीख ठरवताना पंचांग बघा. पौर्णिमेच्या आसपास झाडांतून चांदणं हॉटेलच्या अंगणात उतरतं, अमावस्येला तारे भरपूर दिसतात. पावसाळ्यात दोन्ही नाही. तेव्हा धुकं असतं, आणि दारं लावून बसण्यातही मजा आहे.

निघताना खोली वेळेवर सोडा, नाश्ता करा आणि सामान हमालाकडे देऊन दस्तुरीपर्यंत चालत जा. वाट झाडांखालून जाते, पाऊण तास पुरतो.